दीर्घकालीन थकवा : नव्या औषधाची आशा आणि कसोटी

दिवसभराच्या धावपळीने आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. काही रुग्णांचा थकवा मात्र झोपेने उतरत नाही. तो महिनोन्‌महिने टिकतो आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत त्याचे कारण सापडत नाही. 'मायाल्जिक एन्सिफॅलोमायलायटिस' किंवा 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' (एमई-सीएफएस) या नावाने हा विकार ओळखला जातो. त्यावरील उपचार म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. त्यामुळे एखाद्या नव्या औषधाची बातमी आली, की रुग्णांच्या आशा पल्लवित होणे स्वाभाविक आहे. ही आशा कशी पारखावी, हे समजण्यासाठी नॉर्वेतील एका औषधाची कहाणी उद्बोधक आहे.

विकाराची लक्षणे

अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २०१५ मध्ये या विकाराच्या निदानाचे निकष निश्चित केले. दैनंदिन कामाची क्षमता सहा महिन्यांहून अधिक काळ लक्षणीय प्रमाणात घटलेली असणे, थोड्याशाही शारीरिक वा मानसिक श्रमानंतर प्रकृती खालावणे आणि झोपेनंतरही ताजेतवाने न वाटणे ही तीन लक्षणे आवश्यक मानली जातात. त्यांच्या जोडीला स्मरणशक्ती व एकाग्रतेत अडथळा किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी एक तरी असावे लागते. या अहवालाने हा विकार गंभीर व शारीरिक असल्याचे स्पष्ट केले. 'सगळे मनाचे खेळ' असे ऐकत आलेल्या रुग्णांसाठी ही बाब महत्त्वाची होती.

बर्गेनमधील निरीक्षण

नॉर्वेतील बर्गेन शहरातील हाउकेलान्ड विद्यापीठ रुग्णालयात ओइस्टाइन फ्लूगे आणि ओलाव्ह मेला हे कर्करोगतज्ज्ञ काम करत होते. कर्करोगासोबत दीर्घकालीन थकव्याचाही त्रास असलेल्या एका रुग्णाला केमोथेरपीनंतर थकव्यातही आराम पडल्याचे त्यांच्या लक्षात आले. प्रतिकारशक्तीतील 'बी' पेशींचा या विकाराशी संबंध असावा, अशी शंका त्यातून निर्माण झाली. 'रिटुक्सिमॅब' हे औषध नेमक्या याच पेशी नष्ट करते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी ते १९९७ पासून वापरात होते.

त्यांनी ३० रुग्णांवर चाचणी घेतली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १५ जणांना रिटुक्सिमॅब, तर उरलेल्या १५ जणांना औषध नसलेले द्रावण म्हणजे प्लासिबो देण्यात आला. कोणाला काय दिले, हे रुग्णांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. औषध घेतलेल्यांपैकी १० जणांना, तर प्लासिबो घेतलेल्यांपैकी अवघ्या दोघांना लक्षणीय आराम पडला. जगभरातील रुग्णांचे लक्ष बर्गेनकडे वेधले गेले. मात्र तीन महिन्यांनंतरचा थकवा हा या चाचणीचा मूळ निकष होता आणि त्यावर दोन्ही गटांत फरक आढळला नव्हता. सुधारणा दिसली ती पुढील महिन्यांत.

मोठ्या चाचणीचा निकाल

यानंतर नॉर्वेतील पाच रुग्णालयांत १५१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीची नोंद दोन वर्षे ठेवण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निकाल निराशाजनक होता. रिटुक्सिमॅब घेतलेल्या २६ टक्के, तर प्लासिबो घेतलेल्या ३५ टक्के रुग्णांना आराम पडला होता. गंभीर दुष्परिणाम वा गुंतागुंत औषधाच्या गटात २०, तर प्लासिबोच्या गटात १४ रुग्णांमध्ये आढळली.

असे का घडते? या विकाराची तीव्रता आपोआप कमी-अधिक होत असते. थकवा मोजणारी रक्ततपासणी नसल्याने रुग्णाच्या सांगण्यावरच बहुतांशी विसंबावे लागते. उपचार सुरू झाल्याच्या दिलाशानेही काही काळ बरे वाटते. संख्या लहान असेल, तर निव्वळ योगायोगही गुणकारी भासतो. अनुकूल नसलेला निकाल संशोधकांनी स्वतःहून जाहीर केला आणि त्यामुळे असंख्य रुग्ण एका महागड्या, जोखमीच्या उपचारापासून वाचले. औषध अपयशी ठरले म्हणून आजार खोटा ठरत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे.

अन्य औषधे

'रिन्टाटोलिमॉड' या औषधाला अमेरिकी प्रशासनाने २००९ आणि २०१३ मध्ये मान्यता नाकारली. अर्जेंटिनाने मात्र २०१६ मध्ये ती दिली. अल्प मात्रेतील 'नालट्रेक्सोन' काही डॉक्टर सुचवतात. तथापि, अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्यांसाठी ते धोक्याचे ठरू शकते. बर्गेनच्या गटाने २०२५ मध्ये 'डाराट्युमुमॅब' या औषधाचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा महिला रुग्णांपैकी सहा जणींमध्ये ठळक सुधारणा दिसली. परंतु या अभ्यासात तुलनेसाठी प्लासिबोचा गट नव्हता. रिटुक्सिमॅबचा अनुभव पाहता मोठ्या चाचणीशिवाय त्यावर भिस्त ठेवणे घाईचे ठरेल.

औषध घेण्यापूर्वी

* रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेतील श्वसनाचा अडथळा आणि नैराश्य यांची तपासणी आधी करून घ्यावी. यांपैकी अनेक कारणांवर खात्रीचे उपचार आहेत.
* औषधाची चाचणी किती रुग्णांवर झाली, प्लासिबोशी तुलना झाली का आणि रुग्णांची नोंद किती काळ ठेवली, हे डॉक्टरांना विचारावे.
* सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. या रुग्णांना औषधे सहन न होण्याची शक्यता अधिक असल्याने अल्प मात्रेने सुरुवात करणे हितावह असते.
* एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. झोप, श्रम व थकवा यांची रोजची नोंद ठेवावी. किती दिवसांत लाभ न दिसल्यास औषध थांबवायचे, हे आधीच ठरवावे.
* बरे वाटू लागताच श्रम एकदम वाढवू नयेत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार शिफारशींतून वगळला. आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून कामे करावीत, असा तिचा सल्ला आहे.
* चाचणीत सहभागी होण्याचा प्रस्ताव आल्यास तिची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया'मध्ये आहे का, हे पाहावे. भारतात ही नोंद बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतिपत्र घरी नेऊन, नीट वाचून मगच स्वाक्षरी करावी.