रॉचेस्टर पोलीस डिफिब्रिलेटर कार्यक्रम

रॉचेस्टर पोलीस डिफिब्रिलेटर कार्यक्रम हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर शहरात १९९० साली सुरू झालेला उपक्रम आहे. यात पोलिसांच्या गस्ती वाहनांत स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर (एईडी) ठेवण्यात आले. याच शहरातील मेयो क्लिनिकचे भूलतज्ज्ञ रॉजर व्हाइट यांचा त्यात पुढाकार होता.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसतेच थरथरू लागले की रक्ताभिसरण थांबते. यावर विजेचा झटका हाच मुख्य उपाय आहे. छातीदाबन (सीपीआर) न मिळाल्यास दर मिनिटाच्या विलंबागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गस्तीवरील पोलीस मुळातच रस्त्यावर असतात. शिवाय एईडी हृदयाची लय स्वतः तपासत असल्याने त्यांना हृदयालेख वाचता येण्याची गरज नसते.

आपत्कालीन दूरध्वनी येताच पोलीस आणि रुग्णवाहिका या दोघांनाही कळवले जाई व जो आधी पोहोचेल तो झटका देई.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ८४ रुग्णांची नोंद आहे. त्यांपैकी ३१ जणांना पहिला झटका पोलिसांनी दिला. यांतील १३ जणांचे रक्ताभिसरण केवळ झटक्यांनी पूर्ववत झाले आणि ते सर्व वाचले. पुढील उपचार लागलेल्या १८ जणांपैकी मात्र ५ जणच वाचले. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी पहिला झटका दिलेल्या ५३ जणांपैकी २३ जण वाचले. संख्या लहान असल्याने यावरून पोलीस सरस ठरत नाहीत. दूरध्वनीपासून झटक्यापर्यंत पोलिसांना सरासरी ५.६, तर रुग्णवाहिकेला ६.३ मिनिटे लागली होती.