बेसबॉलचा बाप कोण?

बेसबॉल हा विषय काढला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "ते आपल्या क्रिकेटवरूनच ढापलंय ना?" तो वाद आज नको. आज सांगायची आहे ती या खेळाच्या जन्मदाखल्याची गोष्ट. दाखला रीतसर आहे, सात प्रतिष्ठित माणसांच्या समितीने दिलेला आहे, आणि साफ खोटा आहे. आणि गंमत म्हणजे तिचा एक धागा पार आपल्या गिरगावापर्यंत येतो. त्यामुळे ज्यांना बेसबॉलमध्ये काडीचाही रस नाही (म्हणजे आमच्या घरातले झाडून सगळे) त्यांनीही वाचायला हरकत नाही.

तर दाखला काय सांगतो? १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन नावाच्या छोट्या गावात ॲबनर डबलडे नावाच्या तरुणाने काठीने मातीत आकृती काढली, पोरांना कुठे उभं राहायचं ते सांगितलं, आणि बेसबॉलचा जन्म झाला. हाच डबलडे पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल झाला. १८६१ मध्ये फोर्ट समटरवरून उत्तरेच्या बाजूने पहिली तोफ डागली ती त्याने. १८६३ ला गेटिसबर्गच्या पहिल्या दिवशी वरचा सेनापती पडल्यावर सगळ्या कोअरची सूत्रं त्याच्या हाती आली. खेळाला बाप हवा तर असा हवा, नाही का?

अडचण एवढीच, की १८३९ मध्ये हा गृहस्थ कूपरस्टाउनला नव्हता, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. १८३८ ला दाखल झाला, १८४२ ला बाहेर पडला. आयुष्यभर त्याने भरपूर लिहून ठेवलं, पण बेसबॉल शोधल्याचा त्यात उल्लेख नाही. १८९३ मध्ये तो गेला तेव्हाच्या मृत्युलेखांतही नाही. बिचाऱ्याला आपण बाप झाल्याचं मरेपर्यंत कळलंच नाही.

मग हे बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं कोणी?

त्यासाठी आधी दोन मित्रांचं भांडण बघावं लागतं. एक हेन्री चॅडविक. जन्म इंग्लंडमधल्या एक्झेटरचा, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आला आणि बेसबॉलवर लिहिणारा पहिला मोठा पत्रकार झाला. बेसबॉलमध्ये सामन्याचा सगळा हिशेब छोट्याशा चौकटीत बसवतात, त्या बॉक्स स्कोअरला रूप देण्यात याचा मोठा वाटा. दुसरा आल्बर्ट स्पाल्डिंग. आधी नावाजलेला पिचर, मग क्लबचा मालक, मग खेळाच्या सामानाचा बडा व्यापारी. स्पाल्डिंग दरवर्षी बेसबॉलची मार्गदर्शिका छापायचा आणि तिचा संपादक होता चॅडविक. म्हणजे मालक आणि संपादक.

१९०३ च्या अंकात चॅडविकने लिहिलं, की बेसबॉल हा इंग्रज पोरांच्या राउंडर्स या खेळातून आला. त्यात नवं काही नव्हतं, वर्षानुवर्षं तो हेच सांगत होता. पण स्पाल्डिंगला ते झोंबलं. हा माणूस १८८८-८९ मध्ये खेळाडूंच्या दोन टीम घेऊन जगप्रवास करून आलेला. ऑस्ट्रेलियात खेळले, कोलंबोला खेळले, इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी खेळले. अमेरिकेचा खेळ जगाला दाखवायचा म्हणून एवढी यातायात. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या डेलमोनिको या उंची हॉटेलात जंगी मेजवानी झाली, मार्क ट्वेनचं भाषण झालं. तिथे एका वक्त्याने हा खेळ अस्सल अमेरिकन असल्याचं सांगताच जेवणारी मंडळी "राउंडर्स नाही, राउंडर्स नाही" असा घोष करायला लागली. बेसबॉलचा उगम इथे घोषणेने ठरला होता. पुरावा जमवायचं तेवढं राहिलं होतं.

तो जमवायला स्पाल्डिंगने १९०५ मध्ये समिती नेमवली. अध्यक्ष ॲब्राहम मिल्स, म्हणजे डेलमोनिकोतल्या त्या मेजवानीचे यजमान आणि तोच तो वक्ता! सदस्यांत दोन सिनेटर आणि दोन खेळाच्या सामानाचे व्यापारी. या दोघांच्याही कंपन्या स्पाल्डिंगने आधीच विकत घेतलेल्या. इतिहास संशोधक एकही नाही. समितीने संशोधन असं काही केलंच नाही. वर्तमानपत्रांतून आवाहन केलं, की जुन्याजाणत्यांनी आपापल्या आठवणी कळवाव्यात.

ओहायोतल्या ॲक्रन गावच्या पेपरात ते आवाहन वाचलं ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या खाण इंजिनिअरने. हा मूळचा कूपरस्टाउनचा, तेव्हा राहायला डेन्व्हरला, कामासाठी ॲक्रनला आलेला. त्याने बसल्या बसल्या पत्र लिहून टाकलं, की डबलडेने आमच्या गावात हा खेळ शोधला, मी साक्षीदार आहे. पत्र लिहिताना ग्रेव्ह्जचं वय सत्तरच्या पुढे. आणि ज्या काळातलं तो सांगत होता तेव्हा तो होता पाच वर्षांचा.

पाच वर्षांच्या मुलाची, सहासष्ट वर्षांनंतर सांगितलेली आठवण. तो मुद्दाम खोटं बोलला असं मला वाटत नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐका, विहीर दरवर्षी एक परस खोल होते. ग्रेव्ह्जच्या आठवणीही नंतरच्या मुलाखतींत अशाच फुगत गेल्या. त्याचा शेवट मात्र वाचवत नाही. १९२४ मध्ये, नव्वदीच्या घरात असताना, त्याने आपल्या बायकोला गोळी घातली. त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि १९२६ मध्ये तो तिथेच वारला. अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळाचा एकमेव साक्षीदार तो हा.

समितीने त्याची साधी उलटतपासणीही केली नाही. ३० डिसेंबर १९०७ च्या तारखेचा मिल्स यांचा निकाल पुढच्या वर्षीच्या मार्गदर्शिकेत छापून आला: खेळ अमेरिकन, जनक डबलडे, गाव कूपरस्टाउन, साल १८३९. चॅडविकला याचा राग आला नाही, हसूच आलं म्हणतात. १९०८ च्या एप्रिलमध्ये तो गेला. यात सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की मिल्स आणि डबलडे एकमेकांना चांगले ओळखत होते. यादवी युद्धातल्या माजी सैनिकांच्या एकाच संघटनेत होते. १८९३ ला न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये डबलडेंचं पार्थिव ठेवलं तेव्हा मानवंदनेच्या पथकाचे प्रमुख हेच मिल्स! एवढी ओळख, आणि मिल्स तर बेसबॉलच्या नॅशनल लीगचे अध्यक्ष राहिलेले. डबलडेने खरंच खेळ शोधला असता तर एकदा तरी "अहो, तुमचा तो खेळ आहे ना, तो मीच..." असं निघालं नसतं का? १९२६ मध्ये मिल्सना कोणीतरी विचारलं, पुरावा काय होता? खेळाच्या उगमाबद्दल म्हणाल तर काहीच नाही, असं त्यांनी मोकळेपणी सांगून टाकलं.

आता गिरगाव.

डबलडे म्हातारपणी थिऑसॉफिस्ट झाला होता. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी मंडळींना जमवून थिऑसॉफिकल सोसायटी काढली. हा ऑल्कॉटही यादवी युद्धातलाच, लिंकनच्या खुनाच्या तपासातही होता. १८७८ च्या डिसेंबरमध्ये दोघं हिंदुस्थानला यायला निघाले तेव्हा मागे सोसायटी सांभाळायला कोण? तर निवृत्त मेजर जनरल ॲबनर डबलडे, हंगामी अध्यक्ष. जादू आणि गूढविद्येवरच्या एका फ्रेंच ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करण्यातही या माणसाने वेळ घालवला होता. थोडक्यात, बॅट-बॉलपेक्षा याला आत्म्याच्या प्रवासाची ओढ जास्त.

आणि ती दोघं १६ फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरली. स्वागताला होते हरिश्चंद्र चिंतामण, मुंबईतले फोटोग्राफर आणि आर्य समाजाचे पुढारी. पाहुण्यांची सोय गिरगाव बॅक रोडवर केली. थोड्याच दिवसांत यजमानांनी बिल समोर ठेवलं. त्यात घरभाडं तर होतंच, स्वागतसमारंभाचा खर्चही पाहुण्यांच्याच नावावर! ऑल्कॉटने आपल्या आठवणींत हे खमंग लिहून ठेवलं आहे. तिथेच मग बिनसलं. 'थिऑसॉफिस्ट' हे मासिक १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतूनच सुरू झालं, आणि १८८२ च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासच्या अड्यारला हललं. म्हणजे काही वर्षं तरी या सोसायटीचं अमेरिकेतलं टोक म्हणजे बेसबॉलचा तथाकथित बाप, आणि इकडचं टोक आपलं गिरगाव.

हा नुसता योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण स्पाल्डिंगची दुसरी बायको कट्टर थिऑसॉफिस्ट होती, आणि लग्नानंतर दोघं कॅलिफोर्नियात पॉइंट लोमाला राहायला गेली, तिथल्या थिऑसॉफिस्टांच्या वसाहतीत. समितीपुढे ग्रेव्ह्जच्या पत्राची भलामण स्पाल्डिंगने केली ती हे झाल्यावर. बेसबॉलचे इतिहासकार जॉन थॉर्न यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात या धाग्याला बरंच महत्त्व दिलंय. आपल्या पंथातला माणूस, वर युद्धातला वीर, म्हणून घरातून भर पडली असेल का? मला विचाराल तर पंथापेक्षा जनरलची वर्दी जास्त उपयोगी पडली. एक अमेरिकन जनरल जनक निघतोय याचा आनंद स्पाल्डिंगच्या समितीला लिहिलेल्या पत्रात लपत नाही.

खोट्या दाखल्यावर पुढे खरं गाव चाललं. मंदीने गांजलेल्या कूपरस्टाउनमधल्या शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीच्या संपत्तीच्या वारसाने, स्टीफन क्लार्कने, शेजारच्या शेतघरात सापडलेला एक फाटका चेंडू पाच डॉलरला घेतला. हाच डबलडेचा चेंडू असं ठरलं. मग म्युझियम, आणि १९३९ मध्ये शंभरीचा मुहूर्त साधून हॉल ऑफ फेम. ज्या वर्षी उद्घाटन त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या रॉबर्ट हेंडरसन या ग्रंथपालाने पुराव्यांसकट ही कथा मोडीत काढली. लोक तरीही जातच राहिले. डबलडेला स्वतःला मात्र त्या हॉलमध्ये जागा नाही. एवढी लाज त्यांनी राखली. तरी २०१० मध्ये बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर बड सीलिग यांनी एका पत्रात आपण अजून डबलडेलाच मानतो असं लिहिलं!

खरं काय म्हणाल, तर कोणा एकाने शोधलाच नाही. 'बेसबॉल' हा शब्द १७४४ च्या एका इंग्रजी बालपुस्तकात आहे. जेन ऑस्टिनच्या कादंबरीतली मुलगी तो खेळते. २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पिट्सफील्ड गावाचा १७९१ चा ठराव उजेडात आला. नव्या प्रार्थनाघराच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून ऐंशी यार्डांच्या आत बेसबॉल खेळायला बंदी. काचा फोडणारी पोरं आणि ओरडणारी मोठी माणसं, हा पुरावा मला सात जणांच्या समितीपेक्षा जास्त पटतो. आपल्या खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले, पण म्हणून कोणी तिथे जाऊन खो-खोचा बाप शोधत नाही. विटीदांडूचं तर विचारूच नका.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच माणसाबद्दल. डॉ. डॅनियल ॲडम्स. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबमध्ये १८४० च्या दशकापासून खेळणारा डॉक्टर. शॉर्टस्टॉप ही जागा त्याने काढली. १८५७ मध्ये क्लबांच्या सभेत दोन बेसमधलं अंतर नव्वद फूट ठरलं, तेव्हा नियमांचं काम बघत होता तो हाच. आजही ते अंतर नव्वद फूटच आहे. त्या नियमांचे कागद २०१६ च्या लिलावात बत्तीस लाख डॉलरच्या वर गेले. त्याच्या आदल्या वर्षी हॉल ऑफ फेमच्या मतदानात त्याला सोळांपैकी दहा मतं पडली. बारा लागत होती.

समिती बसायच्या सहा वर्षं आधी, १८९९ मध्ये, ॲडम्स वारला होता. पण साक्ष देऊन गेला होता. १८९६ मध्ये त्याची सविस्तर मुलाखत एका बेसबॉलच्या साप्ताहिकात छापून आली होती, समितीतल्या कोणालाही सहज सापडली असती. त्यात तो सांगतो, की सुरुवातीची सहा-सात वर्षं सगळे चेंडू मी स्वतः बनवायचो, आमच्याच क्लबला नाही तर दुसऱ्यांनाही. जुन्या रबरी बुटांचे कापलेले तुकडे आत, वरून सूत गुंडाळायचं, मग चामडं. चामडं काही नीट बसेना. कोणीतरी हे काम अंगावर घ्यावं म्हणून तो न्यूयॉर्कभर हिंडला, आणि शेवटी एका स्कॉटिश खोगीरवाल्याने त्याला दाखवलं, की चाबकाच्या वादीला वापरतात ते घोड्याचं कातडं घे, ते बसेल.