छुपा वर्ग (संगणकशास्त्र)

छुपा वर्ग (हिडन क्लास) ही आभासी यंत्रांत वापरली जाणारी अंतर्गत माहितीरचना आहे. जावास्क्रिप्टसारख्या गतिशील भाषांत आज्ञावली चालू असतानाही ऑब्जेक्टला नवे गुणधर्म जोडता किंवा त्यातून वगळता येतात. ही लवचीकता राखून गुणधर्म वेगाने वाचता यावेत, हा या रचनेचा उद्देश आहे. तिला व्ही८ मध्ये मॅप, स्पायडरमंकीमध्ये शेप आणि जावास्क्रिप्टकोअरमध्ये स्ट्रक्चर म्हणतात.

पार्श्वभूमी

सी++ सारख्या भाषेत सदस्याचे ऑब्जेक्टमधील स्थान सामान्यतः कंपायलरच ठरवतो. त्यामुळे तो वाचणे स्वस्त असते. गतिशील भाषेत असे स्थान आधी ठाऊक नसते. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी स्वतंत्र हॅश टेबल ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. मात्र त्यात प्रत्येक वाचनास शोध घ्यावा लागतो आणि गुणधर्मांची नावे ऑब्जेक्टगणिक साठवली जातात.

कार्यपद्धती

गुणधर्मांची नावे व स्थाने छुप्या वर्गात आणि केवळ मूल्ये ऑब्जेक्टमध्ये ठेवली जातात. रिकाम्या ऑब्जेक्टला आधी 'क्ष' व नंतर 'य' जोडल्यास प्रत्येक वेळी तो पुढील छुप्या वर्गात जातो. त्याच क्रमाने घडलेले सर्व ऑब्जेक्ट एकच वर्ग वापरतात. क्रम उलटल्यास वर्ग वेगळा होतो. वाचनाच्या जागी मागील वर्ग व स्थान नोंदवलेले असते. यास इनलाइन कॅश म्हणतात. वर्ग तोच असल्यास शोध टळतो.

मर्यादा

एकाच जागी अनेक वर्गांचे ऑब्जेक्ट येऊ लागल्यास इनलाइन कॅशचा लाभ घटतो. व्ही८ मध्ये साधारणतः चार वर्गांपर्यंत नोंद ठेवली जाते. गुणधर्म वारंवार जोडले वा वगळले गेल्यास दरवेळी नवा वर्ग घडवणे महाग पडते. अशा वेळी यंत्र तो ऑब्जेक्ट पुन्हा हॅश टेबलच्या स्वरूपात ठेवते. परिणामी समान उत्तर देणाऱ्या दोन आज्ञावलींच्या वेगात मोठा फरक पडू शकतो आणि त्याचे कारण भाषेच्या नियमांत कोठेही दिसत नाही.

इतिहास

पीटर डॉइच व ॲलन शिफमन यांनी १९८४ मध्ये स्मॉलटॉक-८० साठी इनलाइन कॅश मांडली. सेल्फ या भाषेत वर्गच नव्हते. क्रेग चेंबर्स, डेव्हिड उंगार व एल्गिन ली यांनी १९८९ मध्ये तिच्यासाठी 'मॅप' ही कल्पना प्रसिद्ध केली. अनेक वर्ग नोंदवणारी बहुरूपी इनलाइन कॅश १९९१ मध्ये आली. २००८ मध्ये क्रोमसोबत प्रसिद्ध झालेल्या व्ही८ ने हेच तंत्र जावास्क्रिप्टमध्ये वापरले. पायथन ३.३ (२०१२) मध्ये एकाच वर्गाच्या ऑब्जेक्टांनी नावांचे टेबल सामायिक वापरण्याची सोय झाली. तिचा मुख्य हेतू मात्र स्मृतीची बचत हा होता.