यूटेथायसा पुल्चेला

खवलेपंखी गणाच्या एरेबिडी कुलातील एक लहान पतंग. लिनीअस यांनी १७५८ मध्ये याचे शास्त्रीय वर्णन केले. आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आशिया आणि भारत असा याचा विस्तृत मूळ प्रदेश असून महाराष्ट्रातही तो आढळतो.

पंख पसरल्यावर रुंदी सुमारे ३ ते ४ सेंमी. भरते. पुढचे पंख दुधी पांढरे. त्यांवर लाल ठिपके आणि बारीक काळे टिपके विखुरलेले असतात. मागचे पंख पांढरे, कडेला वेडावाकडा काळा पट्टा. बसताना पंख अंगालगत गुंडाळून घेत असल्याने तो अरुंद दिसतो. यूटेथायसा लोट्रिक्स ही भारतातली जवळची जाती इतकी सारखी दिसते की केवळ छायाचित्रावरून केलेली ओळख फारशी विश्वासार्ह मानू नये.

माळराने, पडीक शेते, रस्त्याकडेचे गवत अशा उघड्या जागी याचा वावर असतो. दाट जंगल त्याला मानवत नाही. चाहूल लागताच उडतो, पण थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात बसतो. रात्री दिव्यावरही येतो.

याचा सगळा जीवनक्रम अन्नवनस्पतींवर बेतलेला आहे. ताग व खुळखुळा (क्रोटालारिया), भुरुंडी, छोटा कल्पा या वनस्पतींत पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. गुरांच्या यकृताला ती घातक ठरतात. या पतंगाचा सुरवंट मात्र ती पचवून शरीरात साठवतो आणि पतंग झाल्यावरही ती टिकतात. त्यामुळे भक्षकांना तो बेचव लागतो. भडक रंग ही त्याचीच आगाऊ सूचना, म्हणून भरदिवसा उघड्यावर वावरणे त्याला परवडते. बिबळ्या कडवा फुलपाखरेही याच वनस्पतींकडे अल्कलॉइडांसाठी येतात. फरक इतकाच, की ती ही द्रव्ये प्रौढावस्थेत गोळा करतात.

सुरवंट केसाळ, करड्या-काळ्या रंगाचा. पाठीवर पांढरी रेघ आणि प्रत्येक खंडावर नारिंगी आडवी खूण असते. तो पाने खातो, शेंगा पोखरून कोवळे दाणेही फस्त करतो. म्हणून तागावरील किडींत त्याची गणना होते. हिरवळीच्या खताचा ताग फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडला जात असल्याने तिथे शेंगांच्या नुकसानीचा प्रश्न येत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या पिकावर मात्र लक्ष ठेवावे लागते.

आकाराच्या मानाने हा पतंग दूरवर स्थलांतर करतो. दक्षिणेकडून उडत तो अधूनमधून इंग्लंडपर्यंत पोहोचतो, पण तिथल्या हिवाळ्यात तग धरत नाही.