नाशिक ते नाशिक : काँग्रेसमधील समाजवाद्यांची चौदा वर्षे

१/ एखाद्या मोठ्या पक्षाची दिशा बदलायची असेल, तर त्याच्या आत राहून झगडावे की बाहेर पडून? हा प्रश्न आजही अनेक कार्यकर्त्यांना छळतो. भारतात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे काँग्रेस समाजवादी पक्ष. त्याची कहाणी नाशिकला सुरू झाली आणि चौदा वर्षांनी नाशिकलाच एका वळणावर थांबली. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ १९३२-३३. सविनय कायदेभंगाची दुसरी लाट ओसरत होती. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी ही तरुण मंडळी एकत्र आली होती. त्यांच्या चर्चेचा विषय एकच : स्वराज्य मिळेल, पण ते शेतकऱ्याचे आणि कामगाराचे असेल काय?

३/ मे १९३४ मध्ये पाटण्यास आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समाजवाद्यांची परिषद भरली. त्याच वेळी त्याच शहरात काँग्रेसची महासमिती कायदेभंग थांबवून कायदेमंडळाच्या मार्गाकडे वळत होती. ऑक्टोबरात मुंबईस अखिल भारतीय पक्षाची रीतसर स्थापना झाली. जयप्रकाश सरचिटणीस झाले.

४/ या पक्षाची अट लक्षात घेण्याजोगी आहे : सभासद होण्यासाठी आधी काँग्रेसचे सभासद असणे आवश्यक होते. म्हणजे हा प्रतिस्पर्धी पक्ष नव्हता. साम्राज्यशाहीविरुद्धची आघाडी फुटू द्यायची नाही आणि त्याच आघाडीला आतून डावीकडे वळवायचे, हे त्याचे सूत्र होते. त्याचे सामर्थ्य या सूत्रात होते. मर्यादाही त्यातच होती.

५/ आधी सामर्थ्य पाहू. १९३६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या नेहरूंनी जयप्रकाश, नरेंद्र देव व अच्युतराव या तिघांना कार्यकारिणीत घेतले. वल्लभभाई पटेल, राजेंद्र प्रसाद, राजाजी आदी सात ज्येष्ठ सभासदांनी नेहरूंच्या समाजवादी प्रचारावर नाराज होऊन राजीनामे दिले. गांधीजींनी मध्यस्थी केली, तेव्हा ते मागे घेतले गेले.

६/ त्याच वर्षाअखेर खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. मनमाडहून सुमारे ५०० शेतकरी पायी चालत तेथे पोहोचले. शेतसारा, खंड आणि कर्ज यांचे ओझे कमी करण्याचा कार्यक्रम काँग्रेसने स्वीकारला. किसान सभांमधून राबणाऱ्या समाजवाद्यांच्या दबावाचा त्यात मोठा वाटा होता.

७/ आता मर्यादा. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिपदे स्वीकारण्यास समाजवाद्यांचा विरोध होता. काँग्रेसने ती स्वीकारली. १९३९ मध्ये डाव्यांच्या पाठिंब्यावर सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी अध्यक्षपदी निवडून आले. परंतु त्रिपुरीस कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचा पंत ठराव मतास आला, तेव्हा समाजवादी तटस्थ राहिले.

८/ ही भीरुता होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. युद्धाचे ढग जमत असताना काँग्रेस दुभंगली, तर लाभ ब्रिटिशांचा, हा त्यांचा हिशेब होता. पण घर फुटू द्यायचे नाही असे ज्याने आधीच ठरवले आहे, त्याच्या धमकीला घरातले वडीलधारे किती भीक घालणार?

९/ आणखी एक विलक्षण गोष्ट. काँग्रेसमध्ये समाजवादी, तसे १९३६ पासून समाजवाद्यांमध्ये कम्युनिस्ट! डाव्यांची एकजूट व्हावी म्हणून त्यांना दार उघडले गेले. १९४० मध्ये त्यांना काढून टाकले, तेव्हा केरळसारख्या प्रांतांतील शाखाच त्यांच्याबरोबर गेल्या. जो डाव समाजवादी काँग्रेसमध्ये खेळत होते, तोच त्यांच्यावर उलटला.

१०/ १९४२ मध्ये मात्र प्रमुख नेते गजाआड असताना चळवळीची धुरा समाजवाद्यांनी वाहिली. जयप्रकाश दिवाळीच्या रात्री हजारीबागचा तुरुंग फोडून निसटले. मुंबईच्या गुप्त काँग्रेस रेडिओवरून लोहिया बोलले. अच्युतराव अखेरपर्यंत भूमिगत राहिले. साताऱ्याच्या चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध होता. लोकप्रियता शिगेला पोहोचली.

११/ १९४७ मध्ये कानपूरला पक्षाने आपल्या नावातील ‘काँग्रेस’ हा शब्द गाळला. १९४८च्या प्रारंभी काँग्रेसने घटना बदलली : स्वतंत्र सभासदत्व व घटना असलेल्या पक्षांना आत थारा नाही. पर्याय दोनच उरले, विसर्जन किंवा निर्गमन. मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. अधिवेशनाचे स्थळ? नाशिक.

१२/ काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली जागा ठेवणे अनुचित, म्हणून नरेंद्र देवांनी सहकाऱ्यांसह संयुक्त प्रांताच्या विधानसभेचा राजीनामा दिला आणि फैजाबादमधून पुन्हा निवडणूक लढवली. काँग्रेसच्या बाबा राघवदासांनी त्यांचा पराभव केला. पक्षांतर म्हणजे काय हे रोज पाहणाऱ्या आपल्या पिढीने हा राजीनामा विसरू नये.

१३/ पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते पडली, पण लोकसभेच्या जागा केवळ १२. कम्युनिस्टांची मते त्याहून कितीतरी कमी, जागा मात्र १६. कम्युनिस्टांचा जोर मोजक्या प्रदेशांत एकवटलेला होता. समाजवाद्यांची मते देशभर विखुरलेली. घराघरांतील ओळख काँग्रेसकडेच राहिली होती.

१४/ मग आत राहणे चुकले की बाहेर पडणे? माझ्या मते प्रश्न वेगळा आहे. आत राहून त्यांनी काँग्रेसला शेतकऱ्याची भाषा दिली. पण ती भाषा काँग्रेसच्या नावे जमा झाली. दबावगटाचे यश बहुधा असेच असते : कार्यक्रम उरतो, श्रेय दुसऱ्याचे होते. नाशिकच्या त्या कैद्यांनी ही किंमत मोजली. ती वाया गेली असे म्हणण्याआधी फैजपूरपर्यंत चालत गेलेले ते ५०० शेतकरी आठवावेत.