तक्रार आली नाही म्हणजे काय? पुण्याचा प्लेग, १८९७

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात मी एक वाक्य अगदी निर्धास्तपणे लिहिलं होतं: अफवांमुळे लोकांनी प्लेगविरोधी उपायांना विरोध केला. मसुदा परत आला तेव्हा गाइडनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, ‘अफवा? कोणाच्या मते?’ त्या दोन प्रश्नांनी माझे पुढचे काही महिने खाल्ले. ‘शासन आणि लोकांचा विश्वास’ असा काही विषय तुमच्या डोक्यात असेल, तर हे आधीच वाचून ठेवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला आणि पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली. मार्च ते मे या काळात गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधत होते. रोगी सापडला की तो हॉस्पिटलात, घरचे कॅम्पात, सामान रस्त्यावर किंवा आगीत.

आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही, पण तरी). रँड यांनी लोकांशी संवाद साधलाच नाही, असं कागदावर दिसत नाही. शिपायांना सूचना होत्या, झडतीपथकांबरोबर काही हिंदी गृहस्थ स्वयंसेवक म्हणून जात. आणि रँड यांच्या अहवालात मोठ्या समाधानाने नोंदवलंय, की स्त्रियांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे आली नाही.

इथे थांबा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो नव्हतो. पेन्सिल घ्या आणि ‘विश्वासार्ह’ या शब्दाखाली रेघ मारा. तक्रार करायची कोणाकडे? ज्याच्या शिपायाबद्दल आहे त्याच्याकडेच. ती खरी की खोटी हे ठरवणार कोण? तोच. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी प्लेग हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या व्यवस्थेबद्दल वृत्तपत्राला पत्र लिहिलं, तर खुद्द गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते दिशाभूल करणारं ठरवलं. झडत्यांबद्दल कुरबुर करणाऱ्या नातू बंधूंना रँड यांच्या खुनानंतर, संशयावरून, १८२७च्या एका रेग्युलेशनखाली खटला न चालवता स्थानबद्ध केलं. अशा गावात तक्रार न येणं हा समाधानाचा पुरावा धरायचा की भीतीचा?

पण लगेच दुसऱ्या टोकाला उडी मारू नका. त्यासाठी गोखल्यांची गोष्ट. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. दरम्यान २२ जूनला गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोखले परतले तेव्हा पुणं हादरलेलं होतं. आरोप सिद्ध करता येईना, माहिती देणाऱ्यांची नावं उघड करणं म्हणजे त्यांना पोलिसांच्या तोंडी देणं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी बिनशर्त माफी मागितली. सरकारने टाळ्या पिटल्या, आपल्याच लोकांनी शिव्या घातल्या. वर्षअखेरीच्या अमरावती काँग्रेसमध्येही तो रोष त्यांना सोसावा लागला.

या माफीवरून अत्याचार झालेच नाहीत असं म्हणणारे लेख मी वाचलेत, आणि माफी म्हणजे नुसती भित्री माघार म्हणणारेही. दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. माफीतून आपल्याला इतकंच कळतं की ऑगस्ट १८९७मध्ये, नावं न सांगता, तो आरोप टिकवणं शक्य नव्हतं. तुमच्या शोधनिबंधात हे वाक्य असंच लांब आणि अवघडलेलं राहिलं तरी चालेल.

तुलनेसाठी मुंबईत या. जानेवारी १८९७मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती घेतली, खोजा समाजातले अनेकजण टोचून घ्यायला तयार झाले. पुण्याच्या झडतीपेक्षा इथे एक मोठा फरक होता: नको म्हणून घरी जाता येत होतं. निदान आगाखानांसमोर जमलेल्यांना. हाफकिन यांची सुरुवातीची मोठी चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. तिथले कैदी स्वयंसेवक होते असं कागदपत्रं म्हणतात. ‘विश्वासार्ह’खाली मारलेली पेन्सिल अजून हातात असेल, तर ‘स्वयंसेवक’खालीही एक रेघ मारा.

तेव्हा अर्काइव्हमध्ये बसलात की फक्त नोटिसा आणि परिपत्रकं गोळा करू नका. सरकार काय बोललं हे भरपूर सापडतं, छापील आणि सुवाच्य अक्षरात. अर्ज शोधा, फेटाळलेले अर्ज शोधा, आणि फेटाळताना कारकुनाने मारलेला शेरा उतरवून घ्या. माझ्या वहीत उपयोगी पडलं ते बहुतेक त्या शेऱ्यांमधूनच.

आणि गोखले? १८९८मध्ये प्लेग पुण्यात पुन्हा होता. माफीची जखम ताजी असतानाच ते प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले.