डायलॉग बॉक्स व लिस्ट कंट्रोल : दोषनिवारण
विंडोजवरील प्रोग्रॅममध्ये माहिती भरण्याची खिडकी म्हणजे डायलॉग बॉक्स. तिच्यातील यादीची चौकट म्हणजे लिस्ट कंट्रोल. कॉमन कंट्रोल्सची नोंदणी राहिली, तर खिडकी उघडतच नाही. तपशील दृश्यात स्तंभ जोडले नसतील, तर भरलेली यादीही कोरी दिसते. मराठीत खरी कसोटी अक्षरांची. देवनागरीला विंडोजचे अन्सी कोडपेज नाही, त्यामुळे युनिकोडविना नावांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. क्रमवारीतला दोष अधिक फसवा, कारण तो चटकन दिसत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. म्हणून नाशिक जिल्ह्यातील गावे नुसत्या संकेतांकांनी लावली, की ‘कळवण’ हे ‘कसबे सुकेणे’च्या आधी येते, कोशक्रमाने ते नंतर हवे. यासाठी युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर संचातील मराठी क्रमनियम वापरावेत.